राजधान्यांची स्थलांतरे, लेखांक ६ : श्रीपूर ते रायपूर

भिलाईला राजधानीचा मान कधीच मिळाला नाही. १९५५ साली सोव्हिएत संघाशी पोलाद कारखान्याचा करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि त्यानंतर या गावाचे नाव देशभर पोचले. पण भिलाई ज्या वाटेवर वसली आहे, तिचे वय फार मोठे आहे. मुंबई-हावडा लोहमार्ग आज गोंदिया, डोंगरगड, दुर्ग, भिलाई करत रायपूरला जातो. विदर्भाच्या मैदानातून महानदीच्या खोऱ्यात उतरणारे राजे आणि फौजाही साधारण याच दिशेने येत असत. दीड हजार वर्षांत या वाटेच्या कधी एका टोकाला सत्ता होती, तर कधी दुसऱ्या. दक्षिण कोसलच्या, म्हणजे साधारण आजच्या छत्तीसगडच्या, राजधान्यांचा इतिहास समजून घ्यायचा, तर ही ओढाताण आधी ध्यानात घ्यावी लागते.

मागच्या लेखांकात वाकाटकांची विदर्भातली राजधानी नंदिवर्धन पाहिली. त्याच घराण्यातल्या नरेंद्रसेनाची आज्ञा कोसल, मेकल आणि मालव इथले राजे मानत, असे बालाघाटच्या ताम्रपटात म्हटले आहे. म्हणजे पाचव्या शतकात अधिकार पश्चिमेकडून पूर्वेकडे चालत होता. पण लवकरच वारे फिरले. बस्तर-कोरापुट भागातला नल राजा भवदत्तवर्मा थेट नंदिवर्धनात येऊन बसला आणि तिथून त्याने दिलेल्या दानाचा ताम्रपट अमरावती जिल्ह्यातल्या ऋद्धपूरला सापडला.

याच सुमारास महानदीच्या खोऱ्यात शरभपुरीय राजे होते. ते तीन पत्र्यांवर दानपत्र कोरून घेत, पत्रे कडीत ओवत आणि कडीवर गजलक्ष्मीची मुद्रा उठवत. अक्षरे वाकाटकांसारखीच, डोक्यावर चौकोनी पेटी असलेली. दानपत्राच्या आरंभी ‘स्वस्ति’ येते आणि लगेच ते जिथून दिले त्या नगराचे नाव. हा शिरस्ता इतिहासकारांच्या फार उपयोगी पडला. पूर्वीचे ताम्रपट शरभपुराहून निघाले आहेत. सुदेवराजाच्या काळात काही श्रीपुराहून निघू लागतात आणि त्याच्यानंतरच्या प्रवरराजाचे श्रीपुराहूनच मिळतात. राजधानी हलल्याचा असा लेखी पुरावा प्राचीन भारतात क्वचितच हाती लागतो. शरभपूर नेमके कुठे होते यावर विद्वान अजून वाद घालतात. श्रीपुराबद्दल मात्र शंका नाही. महासमुंद जिल्ह्यात महानदीच्या काठी असलेले सिरपूर तेच हे.

शरभपुरीयांना बाजूला सारून पांडुवंशी आले, तरी राजधानी त्यांनी श्रीपुरातच ठेवली. मुद्रा तेवढी बदलली. तीवरदेवाच्या ताम्रपटांवर गरुड आहे, तर सातव्या शतकातल्या महाशिवगुप्त बालार्जुनाच्या मुद्रेवर नंदी. बालार्जुनाची कारकीर्द विलक्षण लांबली. त्याच्या राज्याच्या ५७ व्या वर्षाचा ताम्रपट मिळाला आहे. राजा शैव असूनही त्याच्या आईने, मगधाच्या सूर्यवर्म्याची मुलगी असलेल्या वासटेने, दिवंगत पती हर्षगुप्ताच्या स्मरणार्थ विष्णूचे मंदिर बांधले. लक्ष्मणमंदिर म्हणून ओळखले जाणारे हे देऊळ विटांचे आहे. जोते आणि दरवाजाची चौकट तेवढी दगडाची, आणि चौकटीच्या माथ्यावर शेषशायी विष्णू. भारतात विटांची इतकी जुनी देवळे फार थोडी उरली आहेत, आणि त्यांत याच्याइतके देखणे सापडणे कठीणच.

या मंदिराचा शिलालेख स्तुतीपाशी थांबत नाही, कारभारही सांगतो. देवळाच्या खर्चासाठी गावे लावून दिली आणि काही वाटा ब्राह्मणांना दिला. पण तो वारसाने आपोआप पुढे जाणार नव्हता. वेदांगे जाणणाऱ्या आणि जुगारासारख्या व्यसनांपासून दूर राहणाऱ्या मुला-नातवांनाच तो मिळावा, कोणी तो विकू वा गहाण टाकू नये, अशा अटी घातल्या आहेत. नवऱ्याच्या आठवणीत देऊळ उभारणाऱ्या राणीने पुढच्या पिढ्यांचा इतका बारकाईने विचार केला होता, हे वाचून तिच्याविषयी आदर वाटतो.

देवळापासून थोड्या अंतरावर बौद्ध विहार आहेत. १९५३ ते १९५६ या काळात सागर विद्यापीठातर्फे मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी इथे उत्खनन केले आणि बालार्जुनाच्या काळात आनंदप्रभ नावाच्या भिक्षूने उभारलेला विहार उजेडात आला. कलचुरी आणि वाकाटकांचे कोरीव लेख संपादित करणारे नागपूरचे वासुदेव विष्णु मिराशी आणि हे दीक्षित, या दोन मराठी संशोधकांच्या कष्टांवाचून छत्तीसगडचा प्राचीन इतिहास आज इतका स्पष्ट दिसला नसता. महाराष्ट्रात त्यांचे हे काम अजून पुरेसे पोचलेले नाही, याची खंत वाटते.

इ. स. ६३९ च्या सुमारास चिनी यात्रेकरू ह्युएन त्संग कोसलात येऊन गेला. इथे शंभरेक विहार आणि दहा हजारांहून थोडे कमी भिक्षू असल्याचे तो नोंदवतो, पण राजधानीचे नाव देत नाही. पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅमने ती चंद्रपूर असावी असे मानले. सिरपूरची माती उकरली गेल्यावर अनेकांचा कल इकडे झुकला.

पुढे पांडुवंशींनंतरचे सोमवंशी राजे पूर्वेकडे सरकले. त्यांची विनीतपूर, ययातिनगर ही राजधानीची नगरे ओडिशात. श्रीपूर मागे पडले. मग त्रिपुरीच्या कलचुरींची एक शाखा उत्तरेकडून आली आणि तिने आजच्या कोरबा जिल्ह्यातल्या तुम्माण इथे, डोंगरांच्या आडोशाला ठाण मांडले. अकराव्या शतकात पहिल्या रत्नदेवाने रत्नपूर, म्हणजे बिलासपूरजवळचे रतनपूर, वसवले. कलचुरी संवत ८६६, अर्थात इ. स. १११४ च्या शिलालेखात रतनपूरच्या जाजल्लदेवाला दरवर्षी खंडणी देणाऱ्या मंडलांची यादी आहे. तीत वैरागर, लांजिका आणि भाणार ही नावे येतात. हे गडचिरोलीतले वैरागड, बालाघाटचे लांजी आणि आपले भंडारा. त्या काळी विदर्भाच्या पूर्व कडेचा पैसा रतनपूरला जात होता.

या घराण्याची एक शाखा पुढे रायपूर आणि खल्लारी इथे नांदली. १४१५ च्या खल्लारी लेखात देवपाल नावाच्या मोच्याने नारायणाचे मंदिर बांधल्याचे नोंदले आहे. चांभाराच्या हातून उभे राहिलेले देऊळ, आणि त्याचे नाव संस्कृत शिलालेखात राजाच्या नावासोबत! भिलाई-तीनजवळच्या देवबलोद्याचे शिवमंदिर आणि त्याचे कुंड हेही कलचुरी काळातले. महाशिवरात्रीला तिथे जत्रा भरते.

१७४१ मध्ये सगळे उलटले. नागपूरकर रघूजी भोसल्यांचा सेनापती भास्करपंत कोल्हटकर याच वाटेने पूर्वेला निघाला. दुर्गच्या मातीच्या गढीत मराठ्यांनी ठाणे केले आणि पुढे रतनपूर गाठले. तिथल्या म्हाताऱ्या कलचुरी राजाचा, रघुनाथसिंहाचा, एकुलता मुलगा नुकताच गेला होता. त्याने फारसा प्रतिकार केला नाही. एक लाख रुपये दंड वसूल झाला. कधीकाळी भंडाऱ्याची खंडणी जिथे जमा होई, तिथला पैसा आता नागपूरला जाऊ लागला. १७५८ पासून रघूजींचे धाकटे चिरंजीव बिंबाजी रतनपूरला राहून कारभार पाहू लागले. तिथल्या टेकडीवर त्यांनी राममंदिर बांधले आणि नागपूरजवळच्या रामटेकाच्या आठवणीने ती टेकडी रामटेकरी झाली. दसऱ्याला सोने वाटायची रीत छत्तीसगडात त्यांनीच रुजवली, असे तिकडे सांगतात. १७८७ मध्ये बिंबाजी वारले आणि त्यानंतर सुभेदारांचा अंमल आला.

भोसल्यांचा कारभार इंग्रजांच्या देखरेखीखाली गेल्यावर १८१८ मध्ये इंग्रज अधिकारी ॲग्न्यूने ठाणे रतनपूरहून रायपूरला हलवले. भातशेतीच्या सपाट प्रदेशाच्या मधोमध बसून सारा गोळा करणे सोपे होते, डोंगराच्या आडोशाची गरज उरली नव्हती. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य झाले तेव्हा रायपूर राजधानी ठरली, उच्च न्यायालय मात्र बिलासपूरला, म्हणजे रतनपूरच्या शेजारी गेले. २०१२ मध्ये मंत्रालयही जुन्या शहरातून नव्या रायपूरला हलले.

पुढच्या आठवड्यात कलचुरींच्या मूळ घरी, जबलपूरजवळच्या त्रिपुरीला जाऊ.