विद्या मोकळी, पण खर्च कोणाचा?



‘फुकट’ आणि ‘मोकळें’ हे दोन शब्द आपण बहुधा एकाच अर्थानें वापरतों. मुक्त शैक्षणिक साधनांविषयींच्या वादाचें मूळ या घोटाळ्यांत आहे. जें वाचण्यास पैसा पडत नाहीं तें फुकट. जें उतरून घेण्याची, छापण्याची व आपल्या भाषेंत आणण्याची सर्वांस मुभा आहे तें मोकळें.

२००१ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स येथील सुप्रसिद्ध तंत्रविद्या संस्थेनें आपले पाठ जगास खुले करण्याचें जाहीर केलें. २००२ सालीं युनेस्कोच्या बैठकींत अशा साधनांस हें नांव मिळालें, आणि त्याच वर्षीं ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’चे परवाने निघाले. त्यांतील कांहींमध्यें ‘व्यापारासाठीं वापरूं नये’ अशी अट असते. वरकरणीं ती निःस्वार्थ दिसते. परंतु ती घेणाराला बांधते, देणाराला नव्हे.

‘फ्लॅट वर्ल्ड नॉलेज’ या अमेरिकन कंपनीचें उदाहरण पाहा. तिचीं पाठ्यपुस्तकें संगणकावर फुकट वाचतां येत. छापील प्रती मात्र ती विकी, व विक्रीचा हक्क या अटीनें तिच्यापाशींच राही. २०१३ च्या आरंभीं तिनें फुकट वाचन बंद केलें. तथापि एकदां दिलेला परवाना परत घेतां येत नसल्यामुळें जुन्या प्रती इतरांनीं जपून ठेविल्या.

उलट, राइस विद्यापीठाच्या ‘ओपनस्टॅक्स’नें २०१२ सालीं काढलेल्या पहिल्या पुस्तकांस मूळ कर्त्याचा उल्लेख करण्याचीच काय ती अट घातली. त्यांचा खर्च दानशील संस्थांच्या निधींतून झाला. म्हणजे खर्च टळला नाहीं. तो आरंभींच कोणीतरी सोसला.

जेथें इंटरनेट पोहोंचत नाहीं, तेथील मुलास छापील पुस्तकच हवें. कागद, शाई व मजुरी यांचें मोल घेऊन एखाद्या छापखान्यानें तें विकलें, तर त्यास विद्येचा बाजार कसा म्हणावा? पोथ्या नकलून देणारासहि आपण मेहनताना देतच आलों.

व्यापारी तें पुस्तक आपल्या कुंपणांत घालील, ही भीति मात्र खोटी नाहीं. तीवर निराळी अट आहे: सुधारलेली आवृत्तीहि तशीच मोकळी ठेवावी. मराठी विकिपीडियाचा मजकूर याच अटीवर मिळतो. तो कोणीहि छापून विकावा, पण दुसऱ्यास अडवूं नये.

म्हणून पालकांनीं व शिक्षकांनीं पुस्तकाची किंमत शून्य आहे एवढ्यावर समाधान मानूं नये. त्यावरील परवानाहि वाचावा. फुकट दिलेलें उद्यां बंद होऊं शकतें. मोकळें केलेलें कोणास कोंडतां येत नाहीं.