ट्रेड फसला, असं कधी म्हणायचं?

रेवदंड्याहून बोलतोय. बाहेर वारा सुटलाय, माइकमध्ये आवाज आला तर सांभाळून घ्या.

येत्या रविवारी आमच्या टेनिस बॉल लीगचं ऑक्शन आहे. टीमसाठी बोली लावायला यंदाही मलाच बसवलंय. मागच्या वर्षी मी आमचा कीपर सोडला. का? तर फायनलमध्ये त्याने दोन कॅच सोडले. तो निर्णय बरोबर होता का, हे ठरवायचं कसं? आज तेच बोलू, उदाहरण मुंबई इंडियन्सचं घेऊन.

आधी पारख. 2013 मध्ये कोच जॉन राइट यांनी बुमराला डोमेस्टिक टी-20 मॅचमध्ये हेरलं. 2015 ला हार्दिक पांड्या आला फक्त 10 लाखांत. दोघांचं तेव्हा फारसं नाव नव्हतं. नाव व्हायच्या आधी ओळखणं, ही खरी पारख.

आता सोडणं. 2022 च्या मेगा ऑक्शनआधी चारच खेळाडू ठेवता येणार होते, त्यात भारतीय जास्तीत जास्त तीन. मुंबईने रोहित, बुमरा, सूर्यकुमार आणि पोलार्ड ठेवले. हार्दिक गेला गुजरातकडे, कॅप्टन झाला आणि पहिल्याच सीझनला ट्रॉफी उचलली. झालं, सगळे मुंबईला हसले.

पण थांबा. 2021 च्या आयपीएलमध्ये हार्दिकने एकही ओव्हर टाकली नव्हती, पाठीचा त्रास होता. आणि त्याला ठेवायचं तर सोडायचं कुणाला? सूर्यकुमारला? त्याने 2025 ला 717 रन केले!

मग 2023 चा ट्रेड. मुंबईने साडेसतरा कोटींचा ग्रीन बंगळुरूला दिला. त्यातून पर्समध्ये जागा झाली आणि हार्दिक 15 कोटींवर परत आला. म्हणजे हे दोन व्यवहार एकत्रच बघायला हवेत. 2024 ला मुंबई दहावी, शेवटची. लोक म्हणाले, ट्रेड फसला. 2025 ला तीच टीम, तोच कॅप्टन, क्वालिफायर टू पर्यंत. आता काय म्हणायचं?

म्हणून मी तीन प्रश्न विचारतो. निर्णय घेताना काय माहीत होतं? दुसरा पर्याय कोणता होता? आणि किंमत काय मोजली? निकाल बघायचाच, पण एका सीझनचा नाही.

हे प्रश्न मी स्वतःला विचारले आणि नापास झालो. आमच्या कीपरने अख्ख्या सीझनमध्ये किती बाय वाचवले, ते मला माहीत होतं. त्याच्या तोडीचा दुसरा कीपर गावात नव्हता. मी फक्त एक संध्याकाळ मोजली, तीही हरल्याच्या रागात.

रविवारी त्याच्यावर बोली लावणार आहे. पण किती पॉइंटपर्यंत जायचं, ते आधीच कागदावर लिहून ठेवलंय. पस्तावलेला माणूस भाव वाढवून बसतो, ती दुसरी चूक नको.

चला, भेटू पुढच्या एपिसोडला!