वाचाउपचाराचा खर्च : विमा कोठे चालतो, कोठे अडतो

बीड, खास प्रतिनिधी - मूल तीन वर्षांचे झाले तरी बोलत नाही, तेव्हा 'त्याचा बापही उशिराच बोलला होता' असे सांगून घरातील वडीलधारी मंडळी धीर देतात. काही वेळा ते खरेही ठरते. मात्र श्रवणदोष, स्वमग्नता किंवा बौद्धिक अक्षमता असल्यास या धीरातच उपचाराची मोलाची वर्षे निघून जातात. निदान झाले, की प्रश्न उरतो पैशांचा. एका सत्राचे पाचशे रुपये आणि आठवड्याला दोन सत्रे धरली, तरी वर्षाचा आकडा बावन्न हजारांवर जातो. एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी वेगळीच.

घरात आरोग्य विमा आहे म्हणून निश्चिंत असलेल्या पालकांची येथेच निराशा होते. सर्वसाधारण मेडिक्लेम पॉलिसी ही प्रामुख्याने रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णासाठी असते. स्पीच थेरपी होते बाह्यरुग्ण विभागात. 'ओपीडी'चा लाभ पॉलिसीत नसेल, तर दावा मंजूर होणे कठीण. दिव्यांगांसाठी पॉलिसी उपलब्ध करून देण्याचे बंधन विमा नियामक प्राधिकरणाने फेब्रुवारी २०२३ मध्ये कंपन्यांवर घातले. तरीही थेरपीचे कलम तपासल्याखेरीज हप्ता भरू नये. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचा भरही रुग्णालयातील उपचार व शस्त्रक्रियांवर आहे.

थेरपीचा खर्च स्पष्टपणे मान्य करणारी योजना म्हणजे राष्ट्रीय न्यासाची 'निरामय'. वार्षिक संरक्षण एक लाख रुपयांचे, त्यात थेरपीसाठी स्वतंत्र मर्यादा. वयाची अट नाही, पूर्वतपासणी नाही. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबास नोंदणीसाठी २५० रुपये, इतरांना ५०० रुपये लागतात. नूतनीकरणाचे शुल्क त्याहून कमी. पैसे आधी पदरचे खर्च करून नंतर परत मागावे लागतात, ही तिची मोठी अडचण. हातावर पोट असलेल्या माणसाने आधीचे पैसे आणायचे कोठून?

दुसरी अडचण व्याख्येची. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चारच गटांना 'निरामय' लागू आहे. दिव्यांग हक्क अधिनियम २०१६ मधील २१ प्रकारांत वाचा व भाषा दिव्यांगत्वाचा समावेश झाला. पण केवळ तोच दोष किंवा केवळ बहिरेपणा असलेले मूल या विम्याबाहेरच राहते.

अशा मुलांसाठी विम्यापेक्षा सरकारी सेवेचा मार्ग जवळचा. २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा, तर शाळकरी मुलांची एकदा तपासणी अपेक्षित आहे. श्रवणदोष आणि भाषाविकासातील विलंब त्यात मोडतात. पुढील उपचार जिल्हा स्तरावरील शीघ्र हस्तक्षेप केंद्रात मोफत मिळावेत, अशी रचना आहे. बीडच्या जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्रथम चौकशी करावी. आष्टीच्या पालकाला मात्र अंबाजोगाईपेक्षा अहिल्यानगर जवळ पडते. जन्मतः ऐकू न येणाऱ्या लहान मुलांच्या कॉक्लिअर इम्प्लांटसाठी केंद्राची 'एडिप' योजना आहे. उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्यांना तीत शस्त्रक्रियेनंतरच्या वाचाप्रशिक्षणाचाही खर्च मिळतो.

बीडचा खरा पेच वेगळाच. ऊसतोडीसाठी गेलेले कुटुंब ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत गावात नसते. मूलही फडावरच. सत्रे तुटतात, तपासणीचे पथक येऊन जाते आणि 'निरामय'चे वर्ष नेमके ३१ मार्चला संपते. तेव्हा कारखान्यावर निघण्यापूर्वी नूतनीकरणाची चौकशी करणे, घरी करून घ्यावयाचा सराव थेरपिस्टकडून समजून घेणे आणि दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र जवळ ठेवणे हिताचे. दाव्यासाठी डॉक्टरांची लेखी शिफारस आणि मूळ पावत्या जपाव्यात. थेरपिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडील नोंदणी आहे ना, हे पहिल्याच भेटीत विचारावे; त्यात संकोचण्यासारखे काही नाही.