डावखुऱ्या मुलाला आखातात गाडी जमेल का?

रत्नागिरी-रायगडच्या कितीतरी घरांतली माणसं आखातात गाडी चालवतात. आपल्याकडे वाहनं रस्त्याच्या डाव्या बाजूने जातात. सौदी अरेबिया, अमिरात, कुवेत, कतार, ओमानमध्ये उजव्या बाजूने. बहारीनमध्येही १९६७ पर्यंत डावीच बाजू होती. मुलगा डावखुरा असला की घरात विषय निघतो, ‘याला तिकडे जमेल का?’

आधी हाताचं पाहू. आपल्या गाडीत गिअर डाव्या हाताने बदलतात, स्टिअरिंग तेवढ्यापुरतं उजव्या हातात राहतं. तिकडे हे उलटं. म्हणजे गिअर बदलताना डावखुऱ्याचा सराईत हात तिकडे स्टिअरिंगवरच असतो. पहिला गिअर दोन्हीकडे डावीकडे वरच; फक्त आपल्याकडे तो चालकापासून लांब, तिकडे जवळ. क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर यांची जागा बदलत नाही. शिवाय तिकडच्या बहुतेक मोटारी आता ऑटोमॅटिक आहेत. तेव्हा डावखुरेपणाची काळजी नको.

काळजी हवी ती सवयीची. आपल्या बऱ्याच गाड्यांत इंडिकेटर उजव्या हाताला असतो, तिकडे डाव्या. नवखा माणूस वळताना वायपर चालू करतो, त्यात हसण्यापलीकडे काही नाही. पण तिकडे डावीकडे वळताना समोरची वाहनं ओलांडावी लागतात आणि गोल चौकाला घड्याळाच्या काट्यांच्या उलट वळसा घालावा लागतो. तिथे चूक महागात पडते.

गर्दीत पुढची गाडी वाट दाखवते. धोका असतो तो पहाटेच्या रिकाम्या रस्त्यावर, किंवा पेट्रोल पंपावरून बाहेर पडताना. तिथे हात जुन्याच बाजूला वळतात.

हीच गोष्ट रजेवर गावी येणाऱ्यांची. रात्रभराचा विमानप्रवास करून लगेच मुंबई-गोवा महामार्गावर स्टिअरिंग हाती घेऊ नये. पहिले एक-दोन दिवस घरातल्या दुसऱ्या कुणी गाडी चालवावी, मग दिवसाउजेडी गावातच फेरी मारावी. एक खूण लक्षात ठेवावी: देश कोणताही असो, त्या देशाच्या गाडीत चालक रस्त्याच्या मध्याकडे बसलेला असतो, कडेला नाही.

पायी चालणाऱ्यांनाही हे लागू आहे. रस्ता ओलांडताना आपल्याकडे आधी उजवीकडे पाहतात, तिकडे डावीकडे. व्हिसा काढून बायकामुलांना नेणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी मुलांना बोट धरून हे शिकवावं. आणि मुलं सुट्टीत परत आली की आजी-आजोबांनी पुन्हा एकदा.