तंतुमत्वाची परीक्षा आणि जंतूचे कवच

अवलेह सिद्ध झाला किंवा नाही हे ठरविताना आपण सर्वजण तार पाहतो. प्रयोगशाळेतही एका जंतूची परीक्षा अशीच होते, हे वाचून आम्हांस कुतूहल वाटले. क्लेब्सिएला न्यूमोनिए या जंतूच्या वसाहतीस कडीने स्पर्श करून ती वर उचलतात. पाच मिलिमीटरहून लांब तार निघाल्यास तो जंतू अतिचिकट प्रकारचा समजतात.

या जंतूभोवती बहुशर्करेचे कवच असते. त्यामुळे श्वेतपेशींना त्याचा ग्रास करणे कठीण जाते. या कवचाच्या निर्मितीवर जनुकांचे नियंत्रण असते. ‘आरएमपी’ या जनुकसमूहातील ‘ए’ हा घटक समूहास चालना देतो, ‘सी’ कवचनिर्मिती वाढवितो आणि ‘डी’ हे लहानसे प्रथिन चिकटपणा आणते. कवचाचे प्रमाण व चिकटपणा या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे २०१९ व २०२० मधील संशोधनाने दाखविले. हा समूह बहुधा प्लास्मिडवर, म्हणजे जंतूंना परस्परांस देता येणाऱ्या जनुकसाखळीवर असतो.

तैवानमध्ये १९८० च्या दशकात या जंतूमुळे झालेल्या यकृद्विद्रधीचे रुग्ण नोंदले गेले. त्यांत मधुमेही अनेक होते. चरकाचार्यांनी प्रमेहपिडकांसमवेत विद्रधीचे वर्णन केले आहे, याचे येथे स्मरण होते.

आमच्याकडे एक मधुमेही गृहस्थ ताप व उजव्या कुशीतील वेदना घेऊन आले. आम्ही तीन दिवस ज्वरचिकित्सा केली. चौथ्या दिवशी सोनोग्राफीत यकृद्विद्रधी दिसला. पुवाच्या तपासणीत हाच जंतू निघाला. रुग्णालयात पू काढल्यावर व प्रतिजैविके दिल्यावर ते बरे झाले. परंतु ते तीन दिवस आम्ही दवडले, हे मान्य केलेच पाहिजे. हाच जंतू रक्तावाटे डोळ्यात पोहोचून दृष्टीही हिरावू शकतो.

कार्बापेनेम प्रतिजैविकांस न जुमानणारे असे अतिघातक जंतू भारतासह अनेक देशांत आढळल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये कळविले. म्हणून औषधविक्रेत्या बंधूंनी ‘एच-१’ सूचीतील औषधे चिठ्ठीवाचून देऊ नयेत व नोंदवही काटेकोर ठेवावी. वैद्यवर्गाने मधुमेही रुग्णाचा ताप व कुक्षिशूल एकत्र दिसताच सोनोग्राफी व रक्ततपासणी करवून त्यास रुग्णालयात पाठवावे. अवलेहाची तार पाहताना आपण क्षणाचाही विलंब करीत नाही. येथेही तो परवडणारा नाही.