जाकिटावरचा बिल्ला आणि मालवणचा अष्टकोन

डिसेंबर उजाडला की मालवणात बुलेटींचे ताफे उतरू लागतात. कुणी आंबोली घाटाने येतं, कुणी गगनबावड्यावरून. हेल्मेट आरशाला अडकवलं की नजर जाते ती काळ्या लेदरच्या बिनबाह्यांच्या जाकिटावर. त्यावर लडाख असतं, रायगड असतो, आणि त्यांच्या शेजारी हमखास एखादा फौजी बिल्ला: पंखांचा खंजीर, नांगर, तीन सिंह. जेटीवर नौदलातून निवृत्त झालेले कुणी आजोबा उभे असतील, तर विचारतीलच, "खंय गावलो रे ह्यो बिल्लो?"

प्रश्न अगदी रास्त आहे. कारण प्रत्येक बिल्ल्याला स्वतःची गोष्ट असते, आणि त्यातली एक तर थेट मालवणच्या किनाऱ्यावरचीच आहे.

अष्टकोन

4 डिसेंबर 2023. नौदल दिन पहिल्यांदाच मोठ्या नाविक तळाबाहेर, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या साक्षीने साजरा झाला. तारीख 1971 च्या कराची बंदरावरील हल्ल्याची आणि जागा शिवरायांच्या आरमाराची! नौदल अधिकाऱ्यांच्या खांद्यावरच्या पट्ट्यांवर छत्रपतींच्या वारशाची छाप दिसेल, अशी घोषणा पंतप्रधानांनी इथेच केली. त्याच महिन्यात, 29 डिसेंबरला, ॲडमिरल दर्जाच्या अधिकाऱ्यांच्या नव्या पट्ट्या जाहीर झाल्या. त्यांवर सोनेरी बटण, तलवार, दुर्बीण, हुद्द्याप्रमाणे तारे आणि शिवरायांच्या राजमुद्रेवरून घेतलेला लाल अष्टकोन आहे. दोन तारे म्हणजे रिअर ॲडमिरल, तीन म्हणजे व्हाइस ॲडमिरल, चार म्हणजे ॲडमिरल.

अष्टकोन त्याआधीच नौदलाच्या ध्वजावर आला होता. 2 सप्टेंबर 2022 रोजी कोचीत विमानवाहू नौका विक्रांत नौदलात दाखल झाली, त्याच दिवशी ध्वजावरचा सेंट जॉर्जचा क्रॉस गेला आणि निळ्या अष्टकोनात नांगर आला. नौदलाच्या मते या आठ बाजू म्हणजे आठ दिशा. खाली ब्रीद: ‘शं नो वरुणः’. 1664 च्या नोव्हेंबरात कुरटे बेटावर किल्ल्याचा पाया घालणाऱ्या राजाची मुद्रा आज ॲडमिरलच्या खांद्यावर आहे. मला वाटतं, हे मालवणातल्या प्रत्येक पोराला पाठ हवं.

पंखांचा खंजीर

बुलेटच्या टाकीवर, मडगार्डवर, जाकिटावर सर्वांत जास्त दिसतो तो हा. खाली टोक असलेला खंजीर, दोन बाजूंना पंख आणि देवनागरीत एकच शब्द: ‘बलिदान’. हा पॅरा स्पेशल फोर्सेसचा बिल्ला. महिनोन्‌महिन्यांच्या कसोटीतून तावून सुलाखून निघालेल्या जवानाच्याच छातीवर तो चढतो.

घरोघरी तो पोहोचला 5 जून 2019 ला. विश्वचषकात साउदॅम्प्टनला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध खेळताना धोनीच्या ग्लोव्ह्‌जवर ही खूण दिसली, आणि आयसीसीने ती काढायला सांगितली. धोनी 2011 पासून प्रादेशिक सेनेच्या पॅराशूट तुकडीत मानद लेफ्टनंट कर्नल आहे आणि 2015 मध्ये आग्र्याला त्याने विमानातून उड्याही मारल्या आहेत. तरीही मैदानावर त्याला ती खूण उतरवावी लागली. मग बाजारातून घेतलेला तोच बिल्ला छातीवर शिवताना आपण क्षणभर थांबायला नको का?

आपल्या सचिनला 2010 मध्ये हवाई दलाने मानद ग्रुप कॅप्टन केलं, म्हणून त्याने तो गणवेश घातला. मानद असला तरी तो हक्क दलाने दिलेला होता.

कायद्याच्या गोष्टी

सैनिक असल्याचा समज व्हावा या हेतूने गणवेश घातला किंवा खूण लावली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 168 खाली तीन महिन्यांपर्यंत कैद, 2000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. 1860 च्या दंडसंहितेत हाच दंड 500 रुपये होता. 1 जुलै 2024 ला तो चौपट झाला. इथे कळीचा शब्द आहे ‘हेतू’. जाकिटावर नुसता बिल्ला असणं वेगळं आणि नाक्यावर अडवल्यावर "फौजी आहे" म्हणणं वेगळं.

सिंहमुद्रेचं प्रकरण मात्र आणखी नाजूक. मेजर आणि त्यावरच्या बहुतेक हुद्द्यांच्या खुणांवर अशोकस्तंभाचे सिंह येतात, आणि राजचिन्हाच्या गैरवापरावर 2005 चा स्वतंत्र कायदा आहे. तिरंगाही कमरेखाली चालत नाही. आणि लष्कराचा 15 जानेवारी 2022 ला दिसलेला नवा ठिपकेदार गणवेश? त्याचं डिझाइन लष्कराने आपल्या नावावर नोंदवून घेतलं आहे.

जाकिटावर बिल्ले शिवायची चाल मूळ अमेरिकेची. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या जवानांनी मोटरसायकल क्लब काढले. 1948 च्या ‘हेल्स एंजल्स’चं नावसुद्धा युद्धातल्या वैमानिक तुकड्यांकडून आलेलं. म्हणजे सुरुवातीचे बिल्ले मिरवणाऱ्यांतले कितीतरी जण खरोखर लढून आलेले होते.

आपल्या फौजेचं बुलेटप्रेमही काही कमी नाही! नोव्हेंबर 2017 मध्ये बंगळुरूच्या येलहंका तळावर आर्मी सर्व्हिस कॉर्प्सच्या ‘टॉर्नेडोज’ संघाने 500 सीसीच्या एकाच रॉयल एनफील्डवर 58 जवान बसवून 1200 मीटर अंतर कापलं.

मग शिवायचं काय?

भरपूर आहे. सिंधुदुर्गाचा तट शिवा, आंबोलीचा घाट शिवा. त्याच घाटमाथ्यावर आंबोली, चौकुळ, गेळे ही घराघरात फौजी असलेली गावं आहेत, सैनिक शाळाही आहे, आणि तिथूनच रस्ता बेळगावला, मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्राकडे जातो. 1768 ची ही पलटण; कोकणातल्या कितीतरी घरांच्या ट्रंकेत तिची पदकं जपलेली आहेत. दिवंगत सैनिकाची पदकं स्मारकाला मानवंदना देताना त्याच्या वारसांना लावता येतात, पण उजव्या छातीवर. डावी बाजू ज्याने ती कमावली त्याची.

तुमच्या घरात अशी ट्रंक असेल तर पुढच्या राइडआधी ती उघडा. जाकिटावर ‘आजोबांची पलटण’ अशी साधी पट्टी शिवून घ्या. आणि जेटीवर कुणी विचारलं, तर त्यांचं नाव, पलटण आणि ते कुठे लढले हे नीट सांगा.