रूट बिअरला दहापैकी किती?

दोस्तांनो, नावात ‘बिअर’ आहे म्हणून दचकू नका! रूट बिअर हे अमेरिकेतल्या मुलांचं आवडतं थंड पेय. दुकानातल्या नेहमीच्या डब्यात दारू नसते. रूट म्हणजे मूळ. पूर्वी तिकडे ससाफ्रास झाडाची मुळं, साली उकळून हे पेय घरोघरी करत. फिलाडेल्फियाचे औषधविक्रेते चार्ल्स हायर्स यांनी १८७६ च्या सुमारास ते बाजारात आणलं.

तिथल्या सुपरमार्केटमधला एक डबा पाहुण्यांबरोबर आमच्या सटाण्याच्या घरी आला. मग काय, परीक्षक मंडळच बसलं! तीन मुलं आणि आजी. आधी वास घ्यायचा, मग घोट, आणि गुण कागदावर गुपचूप लिहायचे. (शेजाऱ्यानं तोंड वाकडं केलं की आपल्यालाही चव बिघडल्यासारखी वाटते, म्हणून!)

रंग कोलासारखा, फेस दाट. पण वास? “शी! कंबरदुखीचं मलम!” पाचवीतले परीक्षक नियम विसरून ओरडलेच. मुलांचे गुण: २, ३ आणि १.

आजीनं डोळे मिटून हुंगलं. “अरे, हा तर गंधपुरा!”

आजीचं नाक पक्कं बरं का! ससाफ्रासमधल्या सॅफ्रोलमुळे प्रयोगातल्या प्राण्यांना कर्करोग होतो असं दिसल्यावर १९६० मध्ये अमेरिकेनं खाद्यपदार्थांत त्यावर बंदी घातली. आता या पेयात बहुधा विंटरग्रीनचा स्वाद असतो. विंटरग्रीन हे आपल्या गंधपुऱ्याचं भावंड. दोघांच्या तेलात मिथिल सॅलिसिलेट असतं, आणि दुखण्याच्या मलमातही तेच! पेयात ते नावापुरतं असतं. तेल किंवा मलम मात्र चुकूनही चाखायचं नाही हं, ते विषारी आहे.

म्हणजे मुलांनी गुण दिले ते मलमाला! अमेरिकन मुलाला याच वासानं च्युइंगगम आठवतं. म्हणून दुसरी फेरी नाक दाबून घेतली. चवीतला मोठा भाग वासाचा असतो, तो घशातून नाकात पोचतो. नाक बंद केल्यावर उरला नुसता गोडवा आणि झिणझिण्या. गुण एकदम ६ वर!

मग आजीनं अनंतमुळाचं सरबत आणलं. अनंतमूळ म्हणजे उपळसरी. काष्ठौषधींच्या दुकानात मिळते. मुळं उकळून, गाळून, साखर नि लिंबू घालायचं. तामिळनाडूत यालाच नन्नारी म्हणतात. वास थेट व्हॅनिलाच्या जवळचा, कारण दोघांच्या सुगंधी द्रव्यांत अणू तेच, फक्त मांडणी वेगळी. गुण पडले ८, ९, ८.

माझं मत विचाराल तर रूट बिअरला ५. वासाबद्दल माझी तक्रार नाही, पण ३५५ मिलिलिटरच्या डब्यात चाळीस ग्रॅमहून जास्त साखर, म्हणजे दहा चमचे! आजीचा कागद शेवटी उघडला. तिनं दोन्ही पेयांना सात-सात दिले होते.